सदिच्छा भेट

मुलगी : बॅग खाली ठेव, आई. ती मी भरलेली नाही, आणि तू भरलीस म्हणून मी येणारही नाही.

आई : हळू बोल. खाली गल्लीत माणसं उभी आहेत.

मुलगी : राहणारच उभी. दारात झेंडा लावलेली गाडी, इंजिन चालू, आणि वर राजदूतबाई स्वतः. आमच्या गल्लीत साधी सायकल पंक्चर झाली तरी चार जण जमतात.

मामा : ताई, तू तेवढी खिडकीतून बाजूला हो.

आई : का रे?

मामा : माझ्या जहाजावरून तेलाच्या टाक्यांमधल्या फटीतून इथलं सगळं दिसतं. दुर्बिणीवरच्या पोरांना दिवसभर दुसरा उद्योग काय? कप्तानाची बहीण खिडकीत उभी राहून भांडतेय, हे त्यांना चघळायला नको.

आई : इतकं नीट दिसतं?

मामा : हिच्या दवाखान्याची पाटी वाचता येते. पाटीवरचा दातसुद्धा दिसतो. रोज सकाळी बघतो मी, खिडकी उघडली की नाही ते. उघडली की बरं वाटतं.

मुलगी : वा रे मामा! आठवडाभर समोर नांगर टाकून बसलायस, दुर्बिणीतून भाचीला बघतोस, पण चहाला म्हणून आला नाहीस एकदा.

मामा : तुझ्याकडे बसायला खुर्ची एकच, आणि ती दात उपटायची. मला नाही धीर होत बाई.

आई : बाळ्या, पुरे झाली थट्टा. चिमे, इकडे बघ. आपल्या वकिलातीतल्या सगळ्या कुटुंबांना घेऊन जहाजाकडे लाँच निघतेय. बायका, मुलं, त्या हिशेबनीस बाईंची मांजरसुद्धा. धक्क्यावर फोटोवाले आधीच येऊन उभे आहेत. सगळ्यांत शेवटी तू चढायचंस.

मुलगी : शेवटी का?

आई : कारण सगळे तुझ्याकडेच बघणार आहेत. राजदूताची मुलगी गेली म्हणजे हल्ल्याचं खरं आहे, असं वाटलं पाहिजे.

मुलगी : म्हणजे खरं नाहीये.

आई : नाहीच मुळी! तेच सांगतेय तुला मघापासून. नाटक आहे हे. इथल्या सरकारला बंदराचा तो धक्का दुसऱ्या देशाला द्यायचाय. दिला तर ह्या बाजूच्या समुद्रात आपल्या जहाजांना तेल भरायलासुद्धा जागा उरत नाही. मी दोन वर्षं गोडीगुलाबीने बोलले, मेजवान्या दिल्या, त्यांच्या मंत्र्याच्या नातवाच्या बारशापर्यंत जाऊन आले. करारावर सही काही होत नाही. मग मीच कळवलं, एक जहाज पाठवा. तोफ डागायची नाही, नुसती दाखवायची. नाक दाबलं की तोंड उघडतं.

मुलगी : नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला नको सांगू. त्या खुर्चीत रोज बघते मी. तोंड उघडतं, पण हो म्हणायला नाही. श्वास घ्यायला. आणि बोट आत असेल तर चावायलाही.

आई : तू तोंडं बघ, राज्यं मी बघते.

मुलगी : मग बघ. मी कुठे अडवलंय? मला कशाला त्यात ओढतेस?

आई : कारण तू ह्या गल्लीत राहून बसलीस! राजदूतनिवासात चांगली खोली होती तुझी. आईशी पटत नाही म्हणून तेलाच्या टाक्यांमागे भाड्याने राहायला आलीस. आता अख्खं गाव तुला ओळखतं. माझ्या नावाने कमी, तुझ्या नावाने जास्त ओळखतात मला. परवा तेच मंत्री मला म्हणाले, तुमच्या मुलीने आमच्या सासूबाईंची कवळी फार छान बसवली.

मामा : चला, कुठेतरी काहीतरी नीट बसलं म्हणायचं.

आई : बाळ्या!

मालकीणबाई : येऊ का आत? डॉक्टरीणबाई, हातात ताट आहे, दार तेवढं उघडा. अगं बाई! बाईसाहेब आल्यात की काय खरंच? खाली म्हणत होते, म्हटलं असेल दुसरं कुणी.

मुलगी : आई, ह्या घरमालकीण. खालीच राहतात. आणि हा माझा मामा.

मालकीणबाई : मामांना कोण ओळखत नाही! पांढऱ्या कपड्यातले कप्तानसाहेब. आमच्या नातीला जहाज दाखवलंत की हो तुम्ही. पहिल्याच दिवशी. बँड काय, सरबत काय, कागदी टोप्या काय. पोरगी ती टोपी घालूनच झोपते. ए बाळांनो, या, या आत. घाबरू नका. कप्तानमामा आहेत.

आई : ही एवढी मुलं कुणाची?

मालकीणबाई : आमची नात, समोरच्या शिंप्याची दोघं, पावभट्टीवालीची तिन्ही, आणि ही पिटुकली कुणाची ते मलाही नाही ठाऊक, आणून सोडली कुणीतरी. आत म्हातारेबुवा आहेत दोन. त्यांच्या तोंडात दात एक नाही, तरी दाताच्या डॉक्टरकडे येऊन बसलेत! सकाळपासून चाललंय. मी म्हटलं, जिन्यावर गर्दी नका करू, पाळीपाळीने वर जा.

आई : पण इथे का?

मालकीणबाई : आता हे काय विचारणं झालं, बाईसाहेब? ते जहाज आडवं होऊन, तोफा गावाकडे करून उभं राहिलं काल. गावाचं पाणी पाणी झालं भीतीने. कुणी म्हणालं, देवळात जाऊ. कुणी म्हणालं, शाळेत. शिंपी म्हणाला, अरे येड्यांनो, त्यांच्या राजदूतबाईंची लेक आपल्या गल्लीत राहते. पोटच्या पोरीवर कोण तोफ डागतं? शहाणा आहे हो शिंपी. मला नव्हतं सुचलं.

आई : असं म्हणाला तो.

मालकीणबाई : आणि आता तर तुम्हीच आलात. माझा तर जीव भांड्यात पडला. घ्या, चहा घ्या. साखर जरा कमी आहे, एवढ्या तोंडांना पुरत नाही. मी खालून अजून दोन पेले आणते. ए, त्या खुर्चीवर चढायचं नाही, डॉक्टरीणबाईंची आहे ती! चला आतल्या खोलीत, चला.

मामा : गेल्या. ताई, चहा घे.

आई : चिमे, हे तू सांगितलंस त्यांना?

मुलगी : मी एक शब्द बोलले नाही. सकाळी दार उघडलं तर जिन्यावर मुलं बसलेली. मला वाटलं, दात दुखतोय कुणाचा. तुझ्या त्या आडव्या जहाजाचा अर्थ तुझ्या मंत्र्यांना कळला की नाही मला माहीत नाही. शिंप्याला बरोबर कळला. आणि त्यावरचा उपायही त्यानेच काढला.

आई : म्हणूनच तू आत्ता निघायला हवंस.

मुलगी : काय?

आई : नीट ऐक. रागावू नकोस. तू इथे आहेस तोवर सगळ्यांना वाटतंय, ही मंडळी काही करणार नाहीत. शिंप्याला वाटतंय तसं मंत्र्यालाही वाटत असणार. म्हणजे दबाव संपला. उद्या सही होणार नाही. आणि सही झाली नाही की आपल्या राजधानीत जे गरम डोक्याचे लोक बसलेत ना, ते म्हणणार, दाखवून झालं, आता वापरा. तू गेलीस की ही माणसं घाबरतील. घाबरली की सही होईल. सही झाली की जहाज बँड वाजवत परत जाईल, आणि ह्यांतल्या एकाही पोराला खरचटणारसुद्धा नाही. तू गेल्यानेच ही वाचतील.

मुलगी : सुरेख. म्हणजे मी ह्यांच्यामधून बॅग घेऊन जिना उतरायचा, ती टोपीवाली विचारणार कुठे निघालात, आणि मी म्हणायचं, तुला वाचवायला?

आई : काही म्हणू नकोस. मान खाली घालून गाडीत बस. तुला हवं तर आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी.

मुलगी : आई, तुला खरंच हे पटतंय? की तोंडपाठ झालंय?

आई : पटतं म्हणूनच माझी नोकरी मी मान ताठ ठेवून केली. शक्ती दाखवली की वापरावी लागत नाही. माझ्या कारकिर्दीत एकही गोळी सुटली नाही, एकही. विचार तुझ्या मामाला.

मुलगी : मामा, तू गप्प का?

मामा : मी चहा पितोय.

मुलगी : पेला रिकामा आहे तुझा.

आई : त्याला काय विचारतेस, त्याला माझ्यासारखंच सगळं ठाऊक आहे.

मालकीणबाई : हे घ्या पेले. कप्तानसाहेब, रागावणार नसाल तर एक विचारू? आमची नात सकाळपासून डोकं खातेय. जहाज दाखवताना तुम्ही पोरांना म्हणाला होतात ना, तोफांच्या तोंडावर टोपणं आहेत तोवर त्या झोपल्यात समजायचं. मग आज सकाळी टोपणं काढलीत ती कशाला? पुसायला काढली असतील, असं म्हटलं मी तिला.

मामा : हो. पुसायला.

मालकीणबाई : बघा, मी म्हटलंच होतं! जाते, सांगते तिला. उगाच रडतेय वेडी.

आई : बाळ्या.

मामा : ताई, गाडीत बोलू.

आई : मी जहाज आडवं करायला सांगितलं होतं. लाँच सांगितली होती. टोपणं काढायला मी सांगितलं नव्हतं. टोपणं कुणी काढायला लावली?

मामा : गाडीत बोलू म्हणतोय ना!

आई : गाडीत ड्रायव्हर आहे. इथे तू आहेस, मी आहे, आणि ही आहे. बोल.

मामा : पहाटे आदेश आला. थेट राजधानीतून. उद्या दुपारपर्यंत सही झाली नाही, तर तेलाच्या टाक्या उडवायच्या. धक्का आपल्याला मिळत नसेल तर कुणालाच मिळू नये. राजदूतांना कळवू नये, असं खाली लिहिलेलं होतं.

आई : मला कळवू नये?

मामा : तुझा चेहरा बोलतो म्हणे. तू वाटाघाटीला बसणार, तुला ठाऊक असलं तर मंत्र्याला वास लागेल. तुला नाटक वाटत राहिलं म्हणजे तू नाटक चांगलं करशील.

आई : म्हणजे मी लोकांना फसवायला तुझं जहाज वापरलं, आणि त्यांनी मला.

मुलगी : टाक्या? मामा, ह्या टाक्या? ह्या गल्लीपुढच्या?

मामा : आमच्या नकाशावर गल्ली नाही. तिथे गुदामं लिहिलंय. मी उलट कळवलं, माणसं राहतात. उत्तर आलं, नेम अचूक ठेवा.

मुलगी : नेम अचूक ठेवून काय होणार? वारा दुपारी समुद्राकडून सुटतो. तेल पेटलं तर ही गल्ली काडेपेटीसारखी जाईल.

मामा : माहीत आहे मला! काय वाटतं तुला, मी सरबत वाटायला आलोय किनाऱ्यावर? कप्तान कधी बॅग उचलायला जातो का भाचीची? दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. मी आलो, कारण तू येत नाहीस म्हणालीस तर तुला खांद्यावर टाकून न्यायचं ठरवलं होतं मी. तू तीन वर्षांची असताना नेत होतो तशी.

मुलगी : आणि त्या टोपीवालीला?

मामा : लाँच फक्त आपल्या माणसांची आहे.

मुलगी : तिला तू टोपी दिलीस मामा.

मामा : नको बोलूस गं. नको.

आई : फोन दे माझा. त्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे.

मामा : ताई, कुणाला करतेस? मी तुला सांगितलं हे कळलं तर मला साखळदंड घालतील.

आई : राजधानीत, आमच्या खात्याच्या सचिवांना. तुझं नाव घेणार नाही. टोपणं काढलेली गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसतायत, मला दिसायला कप्तान कशाला हवा? ... नमस्कार, सचिवसाहेब. राजदूत बोलतेय. ... हो, लाँच भरतेय. ... नाही, मी धक्क्यावर नाही. एक विचारायचं होतं. तोफांची टोपणं कुणाच्या सांगण्यावरून निघाली? ... असं. नित्याची देखभाल. ... साहेब, ह्या खात्यात माझे केस पांढरे झाले. मला देखभाल नका सांगू. ... बरं. मग सरळ विचारते. टाक्यांमागे वस्ती आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे? ... गुदामं नाहीत. मी त्यातल्याच एका गुदामात उभी आहे, इथे चहा मिळतो. ... हो, आवाज मुलांचाच आहे. ... नाही, मी जहाजावर जाणार नाही.

(मुलगी बॅग उचलून आतल्या खोलीतल्या पलंगाखाली सरकवते.)

आई : ... ऐकतेय मी. राजदूत जहाजावर गेल्या की चित्र पूर्ण होतं. चित्र मीच काढलं होतं साहेब, मला समजावू नका. ... राजीनामा? छे छे. राजीनामा दिला तर मी तुमची कोण? एक म्हातारी बाई, गुदामात. मग तोफ डागायला अडचण कसली! मी राजदूत म्हणूनच इथे बसणार. झेंडा गाडीवरून काढून वर मागवतेय. ... पत्ता लिहून घ्या. तेलाच्या टाक्यांची मागची गल्ली, पहिला मजला, दाताच्या दवाखान्याची पाटी आहे. कुणीही सांगेल. ... हो, हट्ट समजा. ... देशद्रोह म्हणायचा तर तोही म्हणा, पण लेखी म्हणा. आणि इथल्या मंत्र्यांशी मी उद्या सकाळी इथूनच बोलणार आहे, त्यांनाही इथेच बोलावतेय. सासूबाईंची कवळी दाखवायला ते आधी येऊन गेलेत, जिना ठाऊक आहे त्यांना. ... ठेवते.

मुलगी : आई.

आई : काय गं?

मुलगी : घाबरलीस?

आई : हो. मी घाबरलेय. मेजामागे बसून दुसऱ्यांना घाबरवणं सोपं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. तू सांगत होतीस बहुतेक. मी ऐकलं नाही.

मुलगी : बस आधी.

आई : कुठे बसू? ह्या घरात धड खुर्ची नाही.

मामा : ताई, हे चालणार नाही. ते तुला आज संध्याकाळी पदावरून काढतील, मग तू इथे असलीस काय नि नसलीस काय.

आई : काढतील. पण काढलं हे जगाला सांगायला त्यांना कारण द्यावं लागेल, आणि कारण काय देणार? बाई तेलाच्या टाक्यांपाशी मुलं घेऊन बसली होती, म्हणून? तेवढं कारण शोधेपर्यंत उद्याची दुपार टळली तरी पुष्कळ. नाहीच टळली, तर जे गल्लीचं होईल ते माझं.

मामा : तू चल म्हणून सांगायला आलो मी, आणि आता तुम्ही दोघी बसलात!

आई : तू मात्र जा. कप्तान जहाजावर नसला तर दुसरा कुणीतरी असेल, आणि त्याची भाची इथे नसेल.

मामा : आणि आदेश आलाच तर? ताई, मला सांगून ठेव. आयुष्यात एकदा तरी सरळ सांग. लहानपणापासून तूच सांगत आलीस, हे कर बाळ्या, ते करू नको बाळ्या.

आई : हे नाही सांगणार मी. तोफ तुझी, हात तुझा.

मामा : हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दाखवायला म्हणून आणला हात.

आई : एवढंच कर. हुकूम द्यायच्या आधी दुर्बीण तू स्वतः लाव. पोरांना लावू देऊ नकोस.

मामा : येतो, चिमे.

मुलगी : मामा, ये. आणि हे बघ, साखर संपलीय आमची. लाँच परत येताना जहाजावरून थोडी पाठवशील का?

मामा : साखर.

मुलगी : मुलं रात्रभर राहणार आहेत. दूधपावडरही, असली तर.

मामा : पाठवतो. मीच घेऊन आलो असतो गं, पण...

मुलगी : माहीत आहे. जा तू.

मालकीणबाई : हे काय, मामा एकटेच निघाले? गाडी रिकामीच परत चाललीय, बाईसाहेब! खाली सगळे विचारतायत, बाई राहणार की काय?

आई : राहणार आहे. चालेल ना तुम्हाला?

मालकीणबाई : चालेल म्हणजे? मी गल्लीत सांगून येते! थांबा, आधी तुमची सोय करते. पलंग म्हाताऱ्यांनी अडवलाय. ह्या दाताच्या खुर्चीवर टेकाल का? मऊ आहे हो, पाठ मागे होते तिची. पण ती पार तिकडे कोपऱ्यात आहे.

आई : ती खिडकीशी घेता येईल?

मुलगी : जड आहे आई, पण सरकते. काकू, त्या बाजूने धरा. हं, अजून थोडी. बस आता. आरामात टेक. तोंड उघडायला नाही सांगणार.

आई : बरी आहे की. लोक उगीच घाबरतात.

मालकीणबाई : पण बाईसाहेब, इथे समुद्रावरचं ऊन सरळ तोंडावर येतं संध्याकाळपर्यंत. पडदा ओढते.

आई : नको. राहू दे उघडा. त्यांना मी नीट दिसले पाहिजे.